‘जळाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

खानदेशात अँगल ग्राइंडरला एकच आजार होतो: ‘जळाला.’ वायर तुटली तरी जळाला, कार्बन संपला तरी जळाला, स्विचमध्ये धूळ बसली तरी जळाला, आणि खरोखरच आर्मेचर काळंठिक्कर पडलं तरी जळालाच. जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्याचा मेंटेनन्सवाला असो, धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतला फॅब्रिकेटर असो किंवा शिरपूर-चोपड्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणारा वेल्डर असो, दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर मशीन ठेवताना तोंडून हाच शब्द निघतो. जळगावात ‘काय झालं भो?’ किंवा धुळ्यात ‘काय व्हयनं?’ असं विचारत दुकानदार ते उचलतो, कानाशी हलवतो, चकतीचा दांडा बोटांनी फिरवून बघतो आणि हवेच्या जाळीला नाक लावतो. स्क्रू ढिला होण्याआधी बरंचसं निदान झालेलं असतं.

तो नाक लावतो ते वार्निशच्या वासासाठी. गुंडाळीच्या तारेवरचं इनॅमल आणि त्यावर चढवलेलं वार्निश करपलं की एक गोडसर, घशात बसणारा वास येतो. एकदा नाकात बसला की तो कशाशीच गल्लत होऊ देत नाही. तो वास नसेल तर मशीन बहुधा जळालेलं नसतंच. बंद पडलेलं असतं, आणि बंद पडण्याची कारणं स्वस्त असतात.

या यंत्राचा जन्म जर्मनीतला. श्टाइनहाइम गावच्या आकरमान आणि श्मिट या कंपनीनं १९५४ मध्ये पहिला वेगवान अँगल ग्राइंडर बाजारात आणला. कंपनीच्या ‘फ्लेक्स’ या नावावरून जर्मन माणूस आजही कापण्याच्या कामाला ‘फ्लेक्स करणं’ म्हणतो. आपल्याकडे ओळख आकड्यांनी झाली. एजी-फोर म्हणजे चार इंची, एजी-फाइव्ह म्हणजे पाच इंची, एजी-सेव्हन म्हणजे सात इंची. कंपनी कोणतीही असो, हार्डवेअरच्या दुकानात मागणी याच भाषेत होते. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. तिथल्या गॅरेजांत ट्रकचे रिवेट उडवायला, चॅसीवरची वेल्डिंग घासायला एजी-सेव्हन दिवसभर किंचाळत असतो. जळगावकडे ग्रिल, गेट, पत्र्याचे शेड, दाल मिलच्या चाळण्या, जिनिंगच्या मशिनरीची डागडुजी अशी कामं. घराघरांत ओट्याचा कडप्पा आणि ग्रॅनाइट कापायला, वायरिंगसाठी भिंतीत खाचा पाडायला हेच यंत्र येतं. यातलं प्रत्येक काम त्याला वेगळ्या तऱ्हेनं मारतं.

आत आहे काय? मिक्सरमध्ये असते तीच युनिव्हर्सल मोटार. बाहेर स्थिर बसलेलं फिल्ड, मध्ये फिरणारं आर्मेचर, आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर, आणि त्यावर स्प्रिंगनं दाबून बसलेले दोन कार्बन. फिल्ड आणि आर्मेचर एकाच रांगेत जोडलेले असल्यामुळे वीज एका वाटेनं येते, दोन्हींतून जाते आणि परत फिरते. वाटेत कुठेही खंड पडला की सगळंच ठप्प. पुढे दोन गिअरांची जोडी ही फिरकी काटकोनात वळवते आणि वेग उतरवते. चार इंची यंत्राची चकती मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरत असेल, तर आतलं आर्मेचर त्याच्या साधारण तिप्पट वेगानं फिरत असतं. हा आकडा पुढे रिवाइंडिंगच्या हिशेबात लागणार आहे.

बिघाड शोधायचा तर बाहेरून आत जावं. जाणते कारागीर तसंच करतात, आणि त्यामागे पैशाचाही हिशेब आहे: जितकं आत जाल तितका भाग महाग. पण हाताशी मल्टिमीटर असूनही लोक आधी आर्मेचरच काढून बघतात, याला काय म्हणावं!

सर्वांत बाहेर आहे वायर. ती तुटते ठरलेल्या जागी, मशीनच्या शेपटीशी, जिथे रबराची नळी संपते. मशीन वायरला धरून लोंबकळत नेणं, काम झालं की वायर हँडलभोवती आवळून गुंडाळणं, वेल्डिंगच्या गरम तुकड्यावर ती पडू देणं, या सगळ्याचा हिशेब त्या दोन इंचांत चुकता होतो. खूण सोपी. वायर विशिष्ट कोनात धरली की मशीन चालतं, सोडली की बंद. इलाजही सोपा, तुटका भाग कापून वायर चार बोटं आखूड करायची. मात्र आत ती पट्टीखाली घट्ट आवळायलाच हवी. नाहीतर पुढच्या हिसक्याला टर्मिनलमधून निघालेली जिवंत तार बॉडीच्या आत मोकळी फिरते. बहुतेक ग्राइंडरच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. म्हणून त्याच्या वायरीत दोनच तारा असतात आणि अर्थिंगची तार नसते. ती ‘कंपनीनं वाचवलेली’ नसते, रचनाच तशी आहे. पण या रचनेचा भरवसा आतली हवा स्वच्छ असण्यावर आहे. लोखंडाचा बारीक कीस आत साचला की तोच विजेला पूल बांधून देतो आणि दुहेरी इन्सुलेशनवाल्या यंत्राचाही झटका बसतो. कारखान्यात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवण्याचा खर्च ग्राइंडर चालवणाऱ्यासाठीच सर्वांत आधी करावा.

वायरीच्या पुढचा दुवा म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड, आणि खानदेशातल्या जळालेल्या ग्राइंडरांचा खरा गुन्हेगार बऱ्याचदा हाच. हिशेब करून पाहा. दोन हजार वॉटचा सात इंची ग्राइंडर २३० व्होल्टवर नऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. तीस मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीतून तो नेला तर जाऊन-येऊन साठ मीटर तार होते आणि वाटेतच साधारण १० व्होल्ट खाल्ले जातात. वायर अर्ध्या मिलिमीटरची असेल तर २० व्होल्टच्या वर. बाजारातल्या स्वस्त बोर्डांची वायर बाहेरून जाड दिसते, पण ती जाडी प्लास्टिकची असते. त्यात वायर रीळावर तशीच गुंडाळलेली ठेवून मशीन चालवलं तर आतल्या थरांची उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. संध्याकाळी रीळ उलगडायला गेलं की वेटोळी एकमेकांना चिकटलेली सापडतात. सात इंची मशीनला सहा अँपिअरची पिन लावून काम भागवणं हाही असाच प्रकार. पिनेची टोकं पिवळी-तपकिरी झाली, सॉकेट मऊ पडलं, की समजावं.

हे वीस व्होल्ट गेले तर बिघडलं काय, असं वाटणं साहजिक आहे. नियमानं ग्राहकाच्या मीटरपाशी वीज २३० व्होल्टच्या वरखाली ६ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्टच्या दरम्यान असायला हवी. फिडरच्या टोकाला असलेल्या गावांत, रब्बीचे पंप एकदम सुरू झाले की, ती त्याखाली उतरते हे यावल-रावेरपासून साक्री-शिंदखेड्यापर्यंत कुणालाही विचारा. आधीच २०० व्होल्ट, त्यात बोर्डानं वीस खाल्ले, उरले १८०. व्होल्टेज उतरलं की मोटारीचा जोर उतरतो. जोर कमी पडतो म्हणून चालवणारा मशीन दाबतो. दाबलं की वेग पडतो. वेग पडला की आर्मेचरवरच बसलेला पंखाही मंद होतो, म्हणजे ज्या क्षणी आत सर्वाधिक उष्णता तयार होते त्याच क्षणी हवा कमी मिळते. मग तो वार्निशचा वास येतो. अशा वेळी कंपनीच्या नावानं बोटं मोडली जातात; मोडायची असतीलच तर बोर्डाच्या नावानं मोडावीत.

उलट बाजूही आहे. गावातल्या डीपीवर न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला तर एखाद्या घरात व्होल्टेज तीनशेच्याही वर उसळतं. ग्राइंडर नेहमीपेक्षा उंच स्वरात किंचाळू लागला आणि शेजारच्या घरात बल्ब भगभगीत झाले, तर त्याच सेकंदाला पिन काढावी. आणि शेतात जो उद्योग चालतो त्याबद्दल तर कानउघाडणीच हवी. मोटारीच्या पेटीतून एक फेज घ्यायची, दुसरी तार जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायची आणि ग्राइंडर चालवायचा. कोरड्या काळ्या मातीत सळईचा विरोध एवढा असतो की मशीनला पुरेसं व्होल्टेज मिळतच नाही, आणि सळईभोवतीच्या जमिनीत जिवंत वीज पसरते. मशीन जळतं ते वेगळंच, पण आजूबाजूला बैल किंवा माणूस उभा असू शकतो.

स्विचबद्दल थोडक्यात. सरकवायचा स्विच सिमेंट आणि ग्रॅनाइटच्या भुकटीनं अडतो, कधी चालू होत नाही, तर कधी बंद होत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट. त्याहून वाईट म्हणजे लाइट गेली, स्विच ‘चालू’वरच राहिला, मशीन पाटावर ठेवून माणूस चहाला गेला आणि लाइट आली. बिनमाणसाचा ग्राइंडर पाटावरून उडी मारतो आणि समोर जे असेल त्यात घुसतो. भारनियमनाच्या मुलखात हा किस्सा नवा नाही. नव्या मशीनपैकी काहींत वीज परत आल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय असते. विकत घेताना विचारावी. जुन्यावर उपाय एकच, लाइट गेली की पिन काढायची.

आता कार्बन. ही जोडी झिजण्यासाठीच बनवलेली असते, आणि ग्राइंडरच्या सगळ्या सुट्या भागांत सर्वांत स्वस्त. पाच-सहा मिलिमीटर उरली की बदलावी, दोन्ही एकदम. पुष्कळ चांगल्या कार्बनांच्या पोटात स्प्रिंगवर एक छोटा इन्सुलेटरचा खिळा दडलेला असतो. कार्बन ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की तो बाहेर येतो, कम्युटेटरवरून कार्बनला उचलतो आणि मशीन जागच्या जागी बंद पडतं. ‘काल चालू होता, आज अचानक जळाला’ म्हणून येणाऱ्या मशीनपैकी कितीतरी याच खिळ्यानं वाचवलेली असतात. दुरुस्तीवाल्याचं इमान इथे कळतं. दहा मिनिटांचं काम आहे हे सांगणारा एक, आणि ‘ठेवून जा, आर्मेचर बघावं लागेल’ म्हणणारा दुसरा.

कार्बन बसवताना दोन गोष्टी चुकतात. पहिली, मापाला ‘जवळपास’ बसणारा कार्बन कानशीनं घासून होल्डरमध्ये ढकलणं. तो तिरपा बसतो, अडकतो, कम्युटेटरला टेकतोच असं नाही, आणि प्रत्येक उडीला ठिणगी पडते. दुसरी, नवा कार्बन घातल्या घातल्या मशीन सळईवर टेकवणं. नव्या कार्बनचं टोक सपाट असतं आणि कम्युटेटर गोल. दोघांची वळणं जुळेपर्यंत मशीन काही मिनिटं रिकामं फिरू द्यावं. या काळात थोड्या जास्त ठिणग्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही.

ठिणग्या वाचता येणं हे या धंद्यातलं अर्धं शिक्षण. जाळीतून दिसणारी बारीक निळसर चमक ही युनिव्हर्सल मोटारीची प्रकृतीच आहे. पिवळ्या, लांब, उड्या मारणाऱ्या ठिणग्या म्हणजे झिजलेला कार्बन, मेलेली स्प्रिंग किंवा मळलेला कम्युटेटर. कम्युटेटरभोवती आगीचं पूर्ण कडं फिरताना दिसलं तर मात्र आर्मेचरच्या गुंडाळीत शॉर्ट आहे, आणि तेव्हा ‘जळाला’ हा शब्द शोभतो. कम्युटेटरच्या एक-दोनच पट्ट्या काळ्या पडलेल्या असतील तर त्यांना जोडलेली तार तुटलेली असण्याची शक्यता मोठी. मल्टिमीटरनं शेजारशेजारच्या पट्ट्यांमधला विरोध मोजत पूर्ण फेरी मारावी. सगळे आकडे जवळजवळ सारखे हवेत. एखादा एकदम वेगळा आला की चोर सापडला. पट्टी आणि दांडा यांच्यात काहीच वाहता कामा नये. फिल्डच्या दोन्ही गुंडाळ्यांचे आकडेही जुळ्या भावांसारखे हवेत. जुने वाइंडर मीटरच्या भानगडीत न पडता आर्मेचर ग्राउलर या तपासणीच्या चुंबकी उपकरणावर ठेवतात आणि हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा त्याच्या खाचांवरून फिरवतात. शॉर्ट असलेल्या खाचेवर आला की तुकडा थरथरून गुणगुणतो. आयटीआयच्या कार्यशाळेत शिकवली जाणारी ही परीक्षा आजही तितकीच खरी आहे.

मग प्रश्न येतो तो खानदेशाच्या आवडीचा: रिवाइंडिंग करावं की नवं आर्मेचर टाकावं? इथे परंपरा मोठी आहे. विहिरीच्या आणि बोअरच्या मोटारी भरून देणारे वाइंडर तालुक्याच्या प्रत्येक गावात आहेत, आणि पाणबुडी मोटार भरणाऱ्याला ग्राइंडर म्हणजे खेळणं वाटतं. पण गोष्ट तितकी साधी नाही. पंपाची मोटार मिनिटाला २,९०० च्या घरात फिरते, ग्राइंडरचं आर्मेचर ३०,००० च्या. त्या वेगाला वार्निशचा एक थेंब एका बाजूला जास्त बसला तरी आर्मेचर डुगडुगतं, कार्बन कम्युटेटरवर नाचू लागतात आणि बेअरिंग महिन्याभरात आवाज करतं. कारखान्यात आर्मेचर तोलून घेतात. गावातल्या दुकानात तोलण्याचं यंत्र क्वचितच असतं. शिवाय वेढे मोजताना चूक झाली, तारेचा गेज एक नंबरानं हुकला, की मशीन पहिल्या दिवशी ‘एकदम फर्स्ट क्लास’ चालतं आणि तिसऱ्या आठवड्यात परत येतं.

म्हणून निवाडा असा. चार इंचीचं आर्मेचर भरून घेण्यात अर्थ नाही, कंपनीचं नवं आर्मेचर टाकावं. फिल्ड आणि आर्मेचर दोन्ही गेलं असेल तर मशीनच नवं घ्यावं. सात इंचीचं फिल्ड भरून घ्यायला हरकत नाही, कारण ते फिरत नाही आणि तोलाचा प्रश्न येत नाही. सात इंचीचं आर्मेचर चांगल्या, ओळखीच्या वाइंडरकडूनच, आणि भरताना जुनी गुंडाळी उकलून वेढे मोजून दाखवायला सांगावं. तांब्याच्या जागी तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची तार कुणी वापरत असेल तर स्वस्तात मिळाल्याचा आनंद मानू नये.

आर्मेचर गेलं कशामुळे हे न बघता नवं टाकणं म्हणजे त्याला त्याच वाटेनं पाठवणं. वाटेवरचे दोन मारेकरी इथे नेहमीचेच: ऊन आणि धूळ. मोटारींच्या मानकांत भोवतालचं तापमान सहसा ४० अंश सेल्सिअस धरलेलं असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. अभियंत्यांचा जुना ठोकताळा सांगतो की इन्सुलेशन त्याच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा दर दहा अंश जास्त तापलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. तेव्हा उन्हाळ्यात इथला ग्राइंडर सुरुवातीलाच पाच-सात अंशांच्या तोट्यात असतो. उपाय फुकट आहे. लांब काप संपला की मशीन लगेच बंद न करता मिनिटभर रिकामं फिरवावं. जोर नाही, वेग पूर्ण, पंखा पूर्ण, आत साठलेली उष्णता बाहेर. दाबून कापून खटकन स्विच बंद करणारे नेमकं उलटं करतात आणि तापलेली गुंडाळी स्वतःच्याच आचेत शिजत राहते.

धुळीचं म्हणाल तर तिचे प्रकार तीन. लोखंडाचा कीस वीज वाहतो आणि धारदार असतो. हवेबरोबर आत शिरून तो गुंडाळीचं इनॅमल खरवडत राहतो. दगड-सिमेंटची भुकटी बेअरिंग खाते. आणि कापसाची तुसं, ही खास आपल्याकडची. दसरा-दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की हवेत उडणारी तुसं ग्राइंडरच्या जाळीवर बसून तिला गोधडी पांघरतात. रोज संध्याकाळी कॉम्प्रेसरची कोरडी हवा मारावी, मशीन रिकामं चालू ठेवून, मोकळ्या जागेत, डोळ्यांवर चष्मा लावून. यावर कारागिरांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो हवा मारलीच पाहिजे, दुसरा म्हणतो हवेनं कीस उलट आत ठोकला जातो. दोघांचंही खरं आहे. टायर भरायच्या दाबानं, नळी जाळीला टेकवून हवा मारली तर कीस आतच बसतो; थोडं अंतर ठेवून, कमी दाबानं, मागच्या जाळीतून मारली तर बाहेर पडतो. जाळीवर जुनी साडी किंवा मोजा गुंडाळून धूळ अडवण्याची शक्कल काही दुकानांत दिसते. धूळ अडते आणि हवाही अडते.

जिनिंग आणि दाल मिलच्या आवारात धुळीपेक्षा मोठा धोका ठिणगीचा. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या मानकात ठिणगी उडवणाऱ्या कामाभोवती ३५ फूट, म्हणजे सुमारे अकरा मीटर जागा जळाऊ वस्तूंपासून मोकळी ठेवायला सांगितली आहे, आणि काम संपल्यावरही तासभर कुणीतरी लक्ष ठेवावं असं म्हटलं आहे. कापूस आतून धुमसतो, ज्वाळा उशिरा दिसते, म्हणून त्या तासाला महत्त्व. हंगामात रुईच्या ढिगाशेजारी ‘दोन मिनिटांचं काम’ काढणाऱ्यांनी हे अकरा मीटर पावलांनी मोजून बघावेत.

पुढच्या डोक्याचे, म्हणजे गिअर-बेअरिंगचे आजार आवाजावरून ओळखू येतात. बारीक शिट्टीसारखा आवाज आर्मेचरच्या मागच्या बेअरिंगचा, घरघर आणि हँडलला जाणवणारी थरथर पुढच्या बेअरिंगची, आणि दात चावल्यासारखा कर्रकर्र आवाज गिअरचा. बेअरिंगं मापाची असतात, नंबर कडेवर कोरलेला असतो: ६०८ असेल तर आतलं भोक ८ मिलिमीटर आणि बाहेरचा व्यास २२, कंपनी कोणतीही असो. दगडाच्या कामाला धातूच्या झाकणापेक्षा दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं घ्यावं. ग्रीसबाबत एकच सांगणं: गिअरच्या खोबणीत ते गच्च भरू नये. जास्त झालेलं ग्रीस तापून पातळ होतं, मोटारीकडे सरकतं आणि कम्युटेटरवर काजळी धरतं.

मशीन थरथरतं म्हणून दुरुस्तीला आलेल्यांत चकतीचाच दोष असलेली कमी नसतात. चार इंची चकतीचं भोक १६ मिलिमीटर, पाच आणि सात इंचीचं २२ च्या थोडं वर. मधली कडी हरवली, आतला फ्लँज उलटा बसवला, त्याच्याखाली कीस राहिला, की चकती मध्यातून फिरत नाही. चकती काढून मशीन रिकामं चालवावं. थरथर गेली तर दोष चकतीचा, राहिली तर आतला. दहा सेकंदांची ही परीक्षा न करता बेअरिंग बदलणारे भेटतात, आणि बेअरिंग बदलूनही थरथर तशीच राहते. नट आवळून बसला तर हातोडी-छिनी नको. त्यानं स्पिंडल वाकतं आणि मग थरथर कायमची. स्पिंडल लॉकचं बटण मशीन फिरत असताना दाबणं हा आणखी एक हमखास खर्च, त्यानं गिअरचं घर फुटतं.

चकतीवर छापलेले आकडे वाचण्याची सवय नाही, ही या सगळ्यातली सर्वांत महाग उणीव. साध्या चकतीला सेकंदाला ८० मीटर इतका कडेचा वेग सोसण्याची हमी असते, म्हणजे तासाला २८८ किलोमीटर. या वेगानं गाडी निघाली तर जळगावहून भुसावळ पाच मिनिटांत येईल. यातूनच प्रत्येक मापाची मर्यादा ठरते: पाच इंचीला मिनिटाला १२,२०० फेऱ्या, सात इंचीला ८,५०० च्या आसपास. चार इंचीच्या ११,००० फेऱ्यांवर चार इंची चकतीचा कडेचा वेग ५८ मीटरच्या आतच राहतो. पण गार्ड काढून, वॉशरची जोडणी करून त्याच मशीनवर सात इंची चकती चढवली तर तो सेकंदाला १०३ मीटरच्या वर जातो, आणि चकती फाडणारा जोर मर्यादेच्या दीडपटीहून अधिक होतो. झिजलेली सात इंची चकती ‘वाया कशाला’ म्हणून चार इंचीवर लावणाऱ्यांनी जुन्या चकतीवरचा मूळ आकडाच बघावा. लाकूड कापायला दातेरी पातं लावणं तर निव्वळ वेडेपणा. ते पातं लाकडात अडकलं की मशीन हातातून फिरून अंगावर येतं. शिवाय रेझिनच्या चकतीला मुदत असते, साधारण तीन वर्षं, आणि ती मधल्या धातूच्या कडीवर महिना-वर्षासह ठोकलेली असते. दमट गोदामात पडून राहिलेली चकती मुदतीआधीही दगा देते.

सुट्या भागांचा बाजार ही शेवटची अडचण. कार्बन, स्विच, गिअरसेट, आर्मेचर यांचे नकली जोड हुबेहूब खोक्यात येतात, आणि अस्सल भाग छोट्या गावात मागवावे लागतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही क्षेत्रं घेतली. पोटासाठी रोज हातात धरली जाणारी विजेची अवजारं हे त्यात वेगळं क्षेत्र म्हणून नाही. फॅब्रिकेटरांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरायला हवी: भागांची आकृती, नंबर आणि किंमत उघड करा, आणि निदान कार्बन-स्विच तरी तालुक्याला ठेवा.

दुरुस्तीवाल्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे. मशीन दुकानात आणलं की झकास चालतं आणि शेडवर नेलं की पुन्हा ‘जळतं.’ तेव्हा पुढच्या वेळी ग्राइंडर पिशवीत टाकताना ज्या एक्स्टेंशन बोर्डावर तो चालतो, तो बोर्डही वायरीसकट सोबत न्यावा.